टब का भरला होता?

3 मे 2001. अमेरिकेच्या टेक्सास राज्यात, ह्यूस्टनजवळच्या क्लिअर लेक भागातलं एक घर. भर दुपारी घरातल्या सुनेने बाथटब पाण्याने भरून ठेवला. ती अंघोळीची वेळ नव्हती आणि कुणाला अंघोळ घालायचीही नव्हती. कशाला भरलास म्हणून विचारलं, तर लागला तर असावा, एवढंच तिचं उत्तर. गेले काही दिवस ती जेमतेम बोलत होती, त्यामुळे एवढं उत्तर मिळालं हेच पुष्कळ. दुसऱ्या दिवशी ठरलेल्या वेळी डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा तिला मनोविकार विभागात दाखल करून घेतलं. तिला स्वतःला बुडवून घ्यायचं असावं, असा टबाचा अर्थ लावला गेला. दहा दिवसांनी ती घरी परतली.

20 जूनला तिने त्याच टबात आपली पाचही मुलं बुडवून मारली. थोरला सात वर्षांचा, धाकटी सहा महिन्यांची. मग स्वतः फोन करून पोलिसांना बोलावलं. 3 मेलाही हेच करायचं मनात होतं, असं तिने नंतर सांगितलं.

मी नर्सिंगच्या विद्यार्थिनींना मानसिक आरोग्य हा विषय शिकवते. अँड्रिया येट्सचं हे प्रकरण दरवर्षी घेते. एक तर अँड्रिया स्वतः नर्स होती. दुसरं म्हणजे एरवी कपाटात कुलूपबंद राहणारे केसपेपर या प्रकरणात कोर्टात वाचले गेले, डॉक्टरांची उलटतपासणी झाली. कोणत्या तारखेला कोण काय म्हणालं, कोणतं औषध कधी सुरू झालं, कधी बंद झालं, हे सगळं उपलब्ध आहे. वर्गात पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, नवरा काय करत होता?" त्याच्याकडे येऊच, पण आधी तारखा लावून घेऊ.

1999 पर्यंत

अँड्रिया केनेडीचा जन्म 1964 चा. शाळेत पहिली, पोहण्याच्या संघाची कर्णधार. 1986 मध्ये नर्सिंगची पदवी घेतली आणि त्याच वर्षी एम. डी. अँडरसन या नावाजलेल्या कर्करोग रुग्णालयात लागली. 1993 मध्ये रस्टी येट्सशी लग्न झालं. तो नासात संगणक अभियंता. जितकी मुलं होतील तितकी होऊ द्यायची, असं दोघांनी लग्नातच ठरवलं होतं. 1994 मध्ये पहिला मुलगा झाला आणि तिने नोकरी सोडली.

त्या पहिल्या बाळंतपणानंतर तिला एक भास झाला होता. डोळ्यांसमोर सुरी दिसली, सैतानाचा आवाज ऐकू आला. हे तिने कुणालाही सांगितलं नाही. बोललं तर सैतान ऐकेल आणि तसंच करायला लावेल, अशी तिला धास्ती होती. माहेरी नैराश्य आणि बायपोलर आजार (कधी उन्माद, कधी नैराश्य) होता. पण बाळंतपणाच्या आधी किंवा नंतर तिला घरच्या मानसिक आजारांबद्दल कुणी बसून विचारलं असेल, असं कागदांवरून तरी वाटत नाही.

पुढची वर्षं भराभर गेली. 1995, 1997, 1999: दर बाळंतपणानंतर थोडा अवकाश आणि लगेच पुढचं बाळ. काही काळ कुटुंब ट्रेलरमध्ये राहिलं, नंतर एका फिरत्या धर्मोपदेशकाकडून विकत घेतलेल्या, घर करून टाकलेल्या जुन्या बसमध्ये. जागा किती, तर साडेतीनशे चौरस फूट. आपल्याकडे चाळीत दहा बाय बारात सहा माणसं राहतात, त्यामुळे वर्गातल्या मुलींना यात विशेष वाटत नाही. पण चाळीत दार उघडं असतं, शेजारीण डोकावते. इथे बाई दिवसभर चार मुलांसोबत एकटी होती, त्यांची शाळाही घरीच. त्यात त्या धर्मोपदेशकाच्या पत्रकांमधून एकच सूर यायचा: आई चुकली तर मुलं नरकात जातात. तिचा आजार या पत्रकांनी घडवला असं मी म्हणणार नाही. सायकोसिसमध्ये, म्हणजे वास्तवाचं भान सुटतं त्या अवस्थेत, भ्रम कोणत्या विषयाचा होईल, ते माणसाच्या आसपास जे असतं त्यावर ठरतं. आपल्याकडे करणी येते, अंगात येतं. तिथे सैतान आला.

जून 1999 मध्ये, चौथा मुलगा चार महिन्यांचा असताना, अँड्रिया थरथरत बोटं चावताना नवऱ्याला सापडली. दुसऱ्या दिवशी तिने गोळ्या घेऊन जीव द्यायचा प्रयत्न केला. दवाखाना, औषधं, घर. औषधं तिने टॉयलेटमध्ये टाकली. जुलैत पुन्हा प्रयत्न, या वेळी गळ्याला सुरी. यानंतर ती डॉ. आयलीन स्टारब्रँच यांच्याकडे गेली, आणि या सगळ्या हकिकतीत एकदाच औषधोपचार नेमका बसला. मुख्य औषध हॅलोपेरिडॉल, सायकोसिसवरचं, तिथे हॅल्डॉल नावाने मिळणारं. ते इंजेक्शनमधून दिलं, सोबत नैराश्याची औषधं. काही दिवसांत ती बोलायला लागली, जेवायला लागली, मुलांकडे बघायला लागली. आजवर पाहिलेल्या सर्वांत आजारी पाच रुग्णांत ती होती, असं स्टारब्रँच यांनी नंतर कोर्टात सांगितलं.

ऑगस्ट 1999 मध्ये स्टारब्रँच यांनी केसपेपरवर नोंद केली: या दांपत्याला होतील तेवढी मुलं हवी आहेत, आणि तसं झालं तर सायकोसिससह नैराश्य पुन्हा येणार हे नक्की. दोघांना त्यांनी तोंडीही बजावलं होतं. मार्च 2000 मध्ये अँड्रियाने हॅल्डॉल थांबवलं. 30 नोव्हेंबर 2000 ला मुलगी झाली.

एकाच औषधाच्या तारखा

या आजाराबद्दल दोन गोष्टी इथेच सांगते, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही. बाळंतपणानंतर चार-पाच दिवस रडू येणं, चिडचिड होणं हे निम्म्याहून अधिक बायकांना होतं आणि आपोआप ओसरतं. नैराश्य हे त्यापेक्षा वेगळं आणि जास्त टिकणारं. बाळंतपणानंतरचा सायकोसिस त्याहून निराळा आणि दुर्मीळ: हजार बाळंतपणांत एक किंवा दोन. बहुतेकदा पहिल्या दोन आठवड्यांतच सुरू होतो. झोप उडते, विचार धावायला लागतात, बाळाबद्दल विचित्र खात्र्या मनात बसतात, की हे माझं नव्हे, याच्यात काहीतरी शिरलंय, याला कुणीतरी न्यायला येणार आहे. सकाळी बाई भ्रमात असते आणि दुपारी पाहुण्यांशी नीट बोलते. हे वर-खाली होणंच फसवं असतं. हा आजार तातडीचा आहे, रात्री दोन वाजताही दवाखाना गाठावा असा.

तो बरा होतो, हेही तेवढंच खरं. रॉटरडॅमच्या डॉक्टरांनी 2015 मध्ये त्यांच्याकडे दाखल झालेल्या 64 स्त्रियांचे निकाल छापले. आधी झोपेचं औषध, मग सायकोसिसचं, मग लागलं तर मन स्थिर ठेवणारं लिथियम, अशा पायऱ्या त्यांनी ठरवल्या होत्या. एक सोडून सगळ्या स्त्रिया त्या आजारातून बाहेर आल्या. मनोविकारशास्त्रात असे आकडे क्वचित दिसतात.

अँड्रियाचा आजार पुस्तकातल्यासारखा नव्हता. 2001 मध्ये तो बाळंतपणानंतर चौथ्या महिन्यात उसळला, वडिलांच्या मृत्यूनंतर. वरून बघणाऱ्याला दिसत होतं ते गाढ नैराश्य. खाली काय चाललंय ते ती सांगत नव्हती. नेमकं निदान काय, यावर पुढे तज्ज्ञांतही मतभेद झाले. त्यामुळे 2001 मध्ये उपचार करणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरांची बाजू अगदीच लंगडी होती असं म्हणता येत नाही. पण त्यांच्याकडे एक गोष्ट होती, जी 1999 मध्ये पहिल्या डॉक्टरांकडे नव्हती: जुनी फाइल. निदान ती मागवण्याची सोय तरी होतीच.

तारखा अशा आहेत. 12 मार्चला वडील वारले. अँड्रियाने बोलणं आणि जेवणं सोडलं, अंगावर ओरखडे काढायला लागली, बायबल हातातून खाली ठेवेना, तान्हीला दूध पाजेना. मार्च संपता संपता तिला लीग सिटीतल्या डेव्हरो रुग्णालयात दाखल केलं. स्टारब्रँच काम करत होत्या तिथे नाही, घराजवळ. डॉक्टर मोहम्मद सईद. साधारण बारा दिवसांत डिस्चार्ज. मग मेमधला तो टब, पुन्हा दाखल, पुन्हा दहा दिवस. या दुसऱ्या वेळी, मागे याच औषधाने बरी झाली होती असं नवऱ्याने सांगितल्यावर, हॅल्डॉल सुरू झालं. 14 मेला घरी. आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात हॅल्डॉल कमी करत बंद. तिच्यात सायकोसिसची लक्षणं दिसली नाहीत, असं सईद यांनी कोर्टात सांगितलं. 18 जूनला ती तपासणीला गेली, नवऱ्याने ती बरी नसल्याचं सांगितलं, तेव्हा नैराश्याच्या गोळ्यांचे डोस बदलण्यात आले. हॅल्डॉल नाही. त्यानंतर मध्ये एक पूर्ण दिवस गेला आणि 20 जून उजाडला.

वर्गात मी फळ्यावर फक्त या एका औषधाच्या तारखा लिहिते. 1999 मध्ये दिलं, सुधारली. 2000 मध्ये थांबवलं. 2001 च्या मेमध्ये दिलं. जूनमध्ये थांबवलं. आणि पुढे जी ओळ येते तिथे मुली गप्प होतात: जून 2001 च्या अखेरीस पुन्हा सुरू केलं, हॅरिस काउंटीच्या तुरुंगात. सैतान, माझ्या डोक्यावर 666 चा (बायबलमधला सैतानी) आकडा आहे, केस कापून बघा, मला शासन झालं की सैतान मरेल, हे सगळं ती पहिल्यांदा मोकळेपणी बोलली ते तुरुंगातल्या मनोविकारतज्ज्ञांशी. तिथे औषध लागू पडलं आणि सप्टेंबरमध्ये तिच्यावर खटला चालवता येईल इतपत ती शुद्धीवर असल्याचं ज्यूरीने ठरवलं. घरी नीट राहता यावं म्हणून जे औषध पुरेसे दिवस मिळालं नाही, ते फाशीचा खटला उभा राहावा म्हणून नियमित मिळालं. हॅलोपेरिडॉल 1958 मध्ये बेल्जियममध्ये तयार झालेलं जुनं औषध आहे. आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यातही ते असतं. ते मिळत नव्हतं किंवा परवडत नव्हतं, असा प्रश्न इथे कधीच नव्हता.

मग प्रश्न काय होता? माझ्या मते, गप्प बसलेल्या रुग्णाला सुधारलेला रुग्ण समजलं गेलं. वॉर्डात आरडाओरडा करणाऱ्याकडे चार जण धावतात. कोपऱ्यात बसून भिंतीकडे बघणाऱ्या बाईच्या चार्टवर 'शांत आहे, सहकार्य करते' असं लिहिलं जातं. हे मीही लिहिलंय, खोटं कशाला सांगू. ड्युटी संपताना बारा पेशंटच्या नोंदी करायच्या असतात आणि 'शांत' हा शब्द पेनातून आपोआप उतरतो. अँड्रियाचं मौन हे तिच्या भ्रमाचा भाग होतं. ती बोलत नव्हती कारण बोलणं तिला धोक्याचं वाटत होतं. आणि माहिती द्यायला मुख्यतः नवरा, तोही तिच्या शेजारी बसून.

दुसरी गोष्ट डिस्चार्जची. नव्वदच्या दशकात अमेरिकेत आरोग्यविम्याच्या कंपन्यांनी मनोविकार विभागातले मुक्काम आखूड करत आणले होते. रुग्ण धोक्याबाहेर दिसला की घरी पाठवायचा, पुढचं बाह्यरुग्ण विभागात. एखाद्या साध्या उन्मादाला हे चालतही असेल. पण हॅल्डॉल सुरू करून दहा दिवसांत डिस्चार्ज आणि तीन आठवड्यांत औषध बंद, हे गणित मला कुठल्याच बाजूने जमत नाही. मागच्या खेपेला याच औषधावर ती कित्येक महिने ठीक होती, हे कागदावर होतं.

नवरा काय करत होता

तिला एकटं सोडू नका, सतत कुणीतरी सोबत हवं, असं घरच्यांना सांगितलेलं होतं. रस्टीची आई मुलांसाठी जवळच येऊन राहिली होती. पण जूनमध्ये रस्टीने ठरवलं, की सकाळी तो कामावर निघाल्यावर आई येईपर्यंत एखादा तास आणि संध्याकाळी थोडा वेळ तिला मुलांसोबत एकटं राहू द्यायचं. तिने आईवर सगळं सोडू नये, हळूहळू घर सांभाळायला शिकावं, हा त्यामागचा विचार. 20 जूनला तो नवाच्या सुमाराला निघाला. 9 वाजून 48 मिनिटांनी अँड्रियाचा पोलिसांना फोन गेला. आजी दहाच्या सुमाराला यायची होती.

मुली इथे चिडतात, आणि चिडणं स्वाभाविक आहे. स्टारब्रँच यांचा इशारा त्याने ऐकला होता. पुन्हा आजार झालाच तर मागच्यासारखी औषधाने बरी होईल, असं त्याला वाटत होतं. बाईच्या शरीरावर आणि मनावर काय बेतेल याचा निर्णय नवऱ्याच्या आशावादावर चालू होता. हे माझ्या वर्गातल्या मुलींना समजावून सांगावं लागत नाही.

पण हाच माणूस डॉक्टरांना ही बरी नाही, जुनं औषध द्या, असं सांगत होता. ही सायकोटिक आहे आणि मुलांना हिच्यापासून धोका आहे, असं कोणत्याही डॉक्टरने आपल्याला सांगितलं नव्हतं, असं त्याचं म्हणणं. चोवीस तास पहारा हे काम तीन पाळ्यांच्या नर्सेसना जड जातं. ते काम एका संगणक अभियंत्याला आणि त्याच्या म्हाताऱ्या आईला दिलं होतं, आणि कशासाठी पहारा द्यायचा तेच स्पष्ट सांगितलं नव्हतं. ती जिवाचं बरंवाईट करेल म्हणून लक्ष ठेवा, हे वेगळं. ती मुलांना मारू शकते म्हणून मुलं तिच्याजवळ ठेवू नका, हे अगदी वेगळं. टब भरलेला पाहून सगळ्यांनी एकच अर्थ लावला: आई बुडेल. ज्या घरात पाच लहान मुलं आहेत तिथे दुसरा अर्थ कुणाच्याच मनात आला नाही, कारण आईबद्दल तसं मनात आणणं पाप वाटतं. मनोविकारतज्ज्ञाला मात्र तसं मनात आणण्याचाच पगार मिळतो.

आपल्याकडे जुन्या बाया ओल्या बाळंतिणीला सव्वा महिना एकटं सोडत नसत. कारणं विचाराल तर सटवाई, दृष्ट, बाहेरचं वारं. कारणं चुकीची असतील, पण उशाशी कुणीतरी बसलेलं असे. याचं गुणगान मला करायचं नाही. त्याच खोलीत बाईला आजारी पडल्यावर मांत्रिकाकडेही नेलं जात होतं, आणि आजही नेतात.

कोर्ट

टेक्सासच्या कायद्यात वेडाचा बचाव फार अरुंद आहे. गंभीर मानसिक आजारामुळे आपण करतो ते चूक आहे हे आरोपीला कळत नव्हतं, एवढंच सिद्ध करायचं असतं. आजाराने हात धरला, स्वतःला आवरता आलं नाही, याला जागा नाही. सरकारी पक्षाने साधा मुद्दा धरला: तिने स्वतः पोलिसांना फोन केला, म्हणजे चूक आहे हे तिला कळत होतं. बचावाच्या बाजूने आलेले मनोविकारतज्ज्ञ फिलिप रेझनिक यांचं म्हणणं होतं, की कायद्याने चूक हे तिला माहीत होतं, पण मुलांच्या भल्यासाठी हेच योग्य अशी तिची भ्रमिष्ट खात्री होती. मुलं निष्पाप वयात गेली तर नरकातून वाचतील. एकाच फोनचे हे दोन अर्थ.

मग आले सरकारी पक्षाचे तज्ज्ञ पार्क डिट्झ. त्यांनी साक्षीत सांगितलं, की घटनेच्या थोडं आधी एका लोकप्रिय टीव्ही मालिकेत मुलांना बुडवणारी आई वेडाच्या बचावावर सुटल्याचा भाग दाखवला गेला होता. अँड्रिया ती मालिका बघायची. सरकारी वकिलांनी समारोपात याचा वापर केला. 12 मार्च 2002 ला ज्यूरीने चार तासांच्या आत तिला दोषी ठरवलं. फाशी दिली नाही, जन्मठेप झाली, चाळीस वर्षांनंतर पॅरोलचा विचार. पण दोषी ठरवल्यानंतर, शिक्षा ठरण्याआधीच उघड झालं होतं, की असा भाग कधी बनलाच नव्हता. डिट्झ यांनी चूक कबूल केली. जानेवारी 2005 मध्ये अपील कोर्टाने याच कारणावरून शिक्षा रद्द केली आणि 26 जुलै 2006 ला दुसऱ्या ज्यूरीने वेडामुळे निर्दोष असा निकाल दिला. तेव्हापासून ती सरकारी मनोरुग्णालयात आहे, 2007 पासून केरव्हिल इथे. सुटकेसाठी दरवर्षी आढावा मागण्याचा हक्क तिला आहे. ती तो मागत नाही.

पहिला खटला फिरला तो आजार समजल्यामुळे फिरला नाही, हे मुलींच्या लक्षात आणून द्यावं लागतं. तो फिरला टीव्हीच्या चुकीच्या संदर्भामुळे. तो संदर्भ खरा निघाला असता तर ही बाई आज तुरुंगात असती, आणि तिचा आजार तोच असता.

इंग्लंडने हा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला. 1922 मध्ये आणि मग सुधारून 1938 मध्ये तिथे शिशुहत्येचा स्वतंत्र कायदा झाला. बाळंतपणाच्या परिणामाने आईच्या मनाचा तोल ढळलेला असताना तिने बारा महिन्यांच्या आतल्या आपल्या बाळाला मारलं, तर तो खून धरत नाहीत, सदोष मनुष्यवधाच्या पातळीवर बघतात. अर्थात अँड्रियाची चार मुलं वर्षापेक्षा मोठी होती, तो कायदा तिला पुरला नसता. आणि कायदा माणुसकीचा असला म्हणून उपचार नीट होतात असंही नाही. ऑक्टोबर 2000 मध्ये लंडनमध्ये भारतीय वंशाच्या डॉ. दक्षा एम्सन यांनी आपल्या तीन महिन्यांच्या मुलीला आणि स्वतःला संपवलं. त्या स्वतः मनोविकारतज्ज्ञ होत्या, बायपोलर आजार कित्येक वर्षांचा, आणि मूल व्हावं म्हणून औषधं थांबवलेली. पुढच्या चौकशी अहवालात ठळकपणे आलं, की आजार सहकाऱ्यांना कळू नये या भीतीने त्यांचे उपचारही रीतसर चाकोरीच्या बाहेर, दबक्या पावलांनी चालले होते. तिथे रुग्ण गप्प नव्हता, रुग्णाला सगळं ज्ञान होतं, तरी हेच झालं.

आपल्याकडे

कायद्याच्या पुस्तकात आपण बरे आहोत. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात तीन वर्षांखालच्या मुलाला दाखल झालेल्या आईपासून सहसा वेगळं करायचं नाही, असं लिहिलंय. विम्याने मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरावा, असंही आहे. आई आणि बाळ यांना एकत्र दाखल करून घेणारा देशातला पहिला विभाग बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत 2009 मध्ये सुरू झाला. तिथे बाळाचं सगळं नर्ससमोर होतं, त्यामुळे आई बाळाकडे कशी बघते, पाजताना काय पुटपुटते, हे कुणाच्या तोंडून ऐकावं लागत नाही, दिसतं. अँड्रियाला तान्हीसकट असा विभाग मिळाला असता तर, असा विचार माझ्या मनात दरवर्षी येतो. अमेरिकेत तेव्हा तशी सोय नव्हती. पण निम्हान्सच्या त्या विभागात खाटा पाच. महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, आणि गडचिरोलीच्या बाळंतिणीला त्यातलं सर्वांत जवळचं नागपूर.

त्याआधी तिच्या दारात पोचते ती आशाताई. बाळंतपणानंतर 42 दिवसांपर्यंत तिच्या ठरलेल्या गृहभेटी असतात, आणि हा आजार बहुतेकदा याच दिवसांत उगवतो. बाळाचं वजन, ताप, नाळ, दूध हे सगळं ती बघते. आईच्या मनात काय चाललंय, हे विचारायला तिला कुणी शिकवलं तर तारखा आधीच जुळलेल्या आहेत.

म्हणून वर्गात तारखांचा फळा पुसला की मी मुलींना जोडीजोडीने बसवते. एक बाळंतीण, एक नर्स. विचार म्हणते, बाळाला काही करावंसं वाटतं का. पहिल्यांदा हशा पिकतो. मग कुणाच्याच तोंडून शब्द फुटत नाही. मागच्या वर्षी परभणीकडची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, असं विचारलं तर सासू म्हणेल, ही आमच्या सुनेला वेडी ठरवायला आली. पुन्हा उंबऱ्यात उभं करायची नाही." तिचं बरोबर होतं. आम्ही तासभर शब्द बदलत बसलो. शेवटी असं ठरलं, की आधी सासूला चहा टाकायला पाठवायचं. मग विचारायचं, "ताई, बाळ झोपल्यावर तरी तुला झोप लागते का?" नाही म्हणाली तर, "पडल्या पडल्या डोक्यात काय येतं?" आणि मग आपण गप्प बसायचं. ती बोलेपर्यंत, चहा येईपर्यंत, काहीही झालं तरी आपण आधी बोलायचं नाही.